कागदाच्या खोलीचा एसी

आमच्या कागद कारखान्यात संगणक आला तेव्हा त्याच्या खोलीबाहेर चपला काढून आत जायची पद्धत पडली. देवळाबाहेरच्या चपला चोरीला जातात, इथल्या जात नसत, एवढाच फरक. कारण विचारलं की 'धूळ' असं सांगत. आयुष्यभर लगद्याच्या चिखलात उभे राहिलेले फोरमन त्या दाराशी आले की मोज्याला भोक नाही ना, हे पाहून मग आत पाऊल टाकत. मीही टाकत असे. संगणकाबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. त्याच्या एसीबद्दल होती, कारण तो एसी आमचा होता.

कारखाना येरवड्याच्या पुढे, खराडीच्या वाटेवर नदीकाठाला होता. आता तिथे काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्यात काम करणाऱ्या मुलांना इथे कधी कागद होत होता हे सांगितलं तर ती सौजन्याने 'ओह, नाइस' म्हणतात. तेव्हा मात्र खराडी म्हणजे ज्वारी, ऊस आणि संध्याकाळी परतणाऱ्या म्हशी. देशाची दारं उघडली, असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती. आमच्या दारातून काय आत येणार आणि काय बाहेर जाणार, ते अजून ठरायचं होतं.

मी तिथल्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. प्रयोगशाळा हा शब्द मोठा आहे. दोन टेबलं, कागदाची पट्टी तुटेपर्यंत ओढून तिची ताकद मोजणारं एक ताणयंत्र, लगदा कुटायचं एक छोटं यंत्र, आणि आम्ही दोघं. माझे वरिष्ठ चंद्रपूरकडचे. तिकडच्या बांबूच्या लगद्यावर बरीच वर्षं काढून पुण्यात आलेले. विद्वान होते आणि तसे आहेत हे समोरच्याला विसरू देत नसत. बोलणं तिकडचंच राहिलं होतं. 'काय करून राहिले, मॅडम?' असं त्यांनी विचारलं की हिशेबखात्यातले लोक एकमेकांकडे बघून हसत. पुणेरी माणसाला शुद्ध मराठीचा मक्ता कुणी दिला, हे त्या खात्यात कुणालाच माहीत नव्हतं, पण मक्ता चालू होता.

त्यांना एकाच विषयाने धरलं होतं. निलगिरीच्या लाकडाचा लगदा आखूड तंतूंचा असतो. त्याचा कागद दिसायला गोरापान, पण ताण आला की गेला. त्याच सुमारास संगणकांसाठी लागणाऱ्या घडीच्या कागदाला मागणी वाढू लागली होती. दोन्ही कडांना भोकं असलेला, लांबच लांब पट्टीचा तो कागद संगणकाच्या छपाईयंत्रात धावताना नेमका भोकाशी फाटे. त्यावर उपाय दोनच, असं सगळे मानत. एक तर परदेशातला लांब तंतूंचा महाग लगदा आणून मिसळायचा, नाहीतर आपलाच लगदा अजून कुटायचा. कुटला की तंतू उसवतात, एकमेकांना जास्त धरतात, पण वीज खातात आणि पाणी सोडेनासे होतात. मशीन रांगायला लागतं.

वरिष्ठांचं म्हणणं तिसरं होतं. तंतू कुटू नका, त्याला बाहेरून लेप द्या. लेप कसला, तर चिंचोक्याच्या खळीचा. घोंगडी विणणारे सुताला देतात तीच खळ, फक्त तेल आणि टरफल काढून नीट साफ केलेली. ती कोमट लगद्यात घातली की आपणहून तंतूच्या अंगाला जाऊन चिकटते, पाण्यासोबत वाहून जात नाही. लेप लागलेले दोन तंतू वाळताना एकमेकांना जे धरतात ते सोडत नाहीत. हे सगळं ते मला बसमध्ये सांगत. आम्ही दोघंही विश्रांतवाडीला राहत होतो, त्यामुळे कंपनीच्या बसमधून उतरेपर्यंत सुटका नसे.

'चिंचोका लाकडाच्या तंतूले ओळखते, मॅडम,' ते म्हणत. 'दोघांची हाडं एकाच जातीची आहेत.'

'पत्रिका जुळली म्हणायची,' मी म्हणे.

'हसून घ्या. मशीनवर गेला ना कागद, मग बोलू.'

सगळा जीव त्या मशीनवर अडकला होता. प्रयोगशाळेत ताटाएवढे नमुन्याचे कागद कितीही करा, मोठ्या मशीनवर एक दिवस माल निघाल्याशिवाय त्याला कागद म्हणत नाहीत. आणि मशीन एक दिवस द्यायचं म्हणजे एका दिवसाचा विकाऊ माल सोडायचा. कारखाना धाकटे मालकच पाहत, अमेरिकेत शिकून आलेले, बोलायला गोड. त्यांनी शब्द दिला होता, 'श्रावणात संचालकांची बैठक आहे. आकडे चांगले आले तर मशीन तुमचं, एक अख्खा दिवस. नाही आले तर मात्र आपण परदेशी सहकार्य घेऊ. मग हे प्रयोग वगैरे बंद करावे लागतील.' त्या 'वगैरे'मध्ये आम्ही दोघं होतो.

आता एसीचं. कागद हवेतलं पाणी पितो. पावसाळ्यात पापड मऊ पडतो तसा कागदही पडतो, फक्त तो तसं दाखवत नाही. कोरड्या मार्चमधला आणि ओल्या जुलैमधला एकच कागद ताणयंत्रावर लावा, आकडे दोन वेगळ्या कारखान्यांचे वाटतील. म्हणून जगभर नियम असा की कागद आधी ठरावीक थंडाव्याच्या, ठरावीक ओलाव्याच्या खोलीत एक दिवस टांगायचा आणि मगच ताणायचा. आमच्याकडेही तशी खोली होती. न्हाणीएवढी लहान, एक खिडकी, खिडकीत एसी, आणि आत दोऱ्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेले कागद. बाहेरून पाहणाऱ्याला बाळंतिणीची खोली वाटावी.

संक्रांतीच्या आसपास संगणक आला. खोक्यांना हळदकुंकू, दारात नारळ, मालकांचं भाषण. 'एकविसाव्या शतकाचं पाऊल आपल्या उंबऱ्यावर' असं काहीतरी ते म्हणाले. त्या पावलाला थंडावा लागतो, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. कारखान्यात एसी दोन. एक मालकांच्या केबिनमध्ये. त्यामुळे प्रश्न सुटायला वेळ लागला नाही. दोन वायरमन आले आणि आमच्या खिडकीतला एसी उचलून घेऊन गेले. खिडकीच्या भोकावर त्यांनी पुठ्ठा ठोकला, तोही आमच्याच कारखान्यातला, पाणी लागलं की फुगणारा.

आमचे वरिष्ठ केबिनमध्ये गेले. मी सोबत होते.

'साहेब, कागदाले एसी लागते,' त्यांनी सांगितलं.

'अहो, कागदाला?' मालक हसले. 'माणसांना नाहीये आपल्याकडे.'

'माणसं ताणून मोजत नाही ना आपण.'

मालकांना ते आवडलं नसावं. 'उन्हाळ्यानंतर नवा घेऊ,' ते म्हणाले. आमच्याकडे 'उन्हाळ्यानंतर' ही मुदत नसून निरोपाची पद्धत होती.

गेटवरचा खराडीचा रखवालदार एसी नेताना पाहत होता. त्याच्या घरची जमीन रस्त्याला लागून, म्हणून त्याचा रुबाब आमच्या दोघांपेक्षा जास्त. 'म्याडम, तुमची गार खोली गेली व्हय?' त्याने विचारलं. 'मशिनीला गरम व्हतंय म्हनं. आमची म्हस पन उन्हात धापा टाकती, तिलाबी कायतरी बघा.'

मार्चमध्ये संगणकात माहिती भरायला सुरुवात झाली. संगणकाचा विभागप्रमुख म्हणून डेक्कनवरच्या एका क्लासातून शिकलेला तरुण आला होता. चांगला मुलगा. बोलताना मराठी क्रियापदं तेवढी वापरायचा, बाकी सगळं इंग्रजी. त्याने आमच्याकडे साध्या, लेप न दिलेल्या कागदाचे ताजे आकडे मागितले. आम्ही कागद उघड्या खोलीत टांगले, ताणले, आकडे दिले, आणि बाजूला लिहिलं की हे एसीशिवायचे आहेत, कोरड्या हवेतले. मार्चमधला पुण्यातला कागद म्हणजे वाळवणातली कुरडई. आकडे चढे आले. बाजूची टीप भरायला संगणकात रकाना नव्हता.

चिंचोक्याचं काम मनासारखं व्हायला जुलै उजाडला. तेलाचा वास जात नव्हता, मग पीठ गाळलं जात नव्हतं, मग गाळलं जायला लागलं तेव्हा वीज नव्हती. अखेर लेप दिलेले कागद तयार झाले तेव्हा बाहेर संततधार आणि आमच्या खिडकीतला पुठ्ठा पोट सुटल्यासारखा आत आलेला. आमच्या वरिष्ठांनी शहाणपणा केला. लेप दिलेल्या कागदांबरोबर साधे कागदही नव्याने केले, दोन्ही शेजारी शेजारी टांगले, एकाच दिवशी ताणले. दोन्ही पावसाने मऊ पडलेले. पण लेपाचा कागद साध्यापेक्षा बराच सरस. साधा ज्या ताणाला तुटे त्याच्या पुढेही तो ताणयंत्रात आणखी थोडा वेळ तग धरून राहायचा, तेव्हा आमचे वरिष्ठ श्वास रोखून उभे राहत आणि तुटला की जोरात 'हात् बाप्पा!' म्हणत. मुलाने शर्यत जिंकल्यासारखा आवाज असे तो.

आकडे संगणकाकडे गेले. चार दिवसांनी मालकांनी बोलावलं. टेबलावर आलेख होता. आमच्या कारखान्यातला पहिला रंगीत आलेख. एक निळी रेघ, एक लाल रेघ. निळी म्हणजे साधा कागद, लाल म्हणजे चिंचोक्याचा. लाल रेघ निळीच्या खाली होती.

'म्हणजे लेप दिल्यावर कागद आणखी कमजोर होतो,' मालक खेदाने म्हणाले. तो खेद खोटा नव्हता, पण तयार होता.

आमच्या वरिष्ठांनी निळ्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, 'निळी रेघ मार्चची आहे, साहेब. लाल जुलैची.'

विभागप्रमुख तिथेच उभा होता. 'सर, प्लेन पेपरचा डेटा ऑलरेडी फीड केलेला होता ना.'

'पण आम्ही जुलैमधला साधा कागदही दिला होता,' मी म्हटलं.

'मॅम, तो डुप्लिकेट होत होता. सेम आयटम, दोन व्हॅल्यू. सिस्टिम एकच ठेवते.'

'मग नवा ठेवायचा.'

'मग ओल्ड रिपोर्ट्सची क्रेडिबिलिटी काय राहील, मॅम?'

मी आजवर अनेक धर्मग्रंथ वाचले आहेत, पण इतका स्वच्छ युक्तिवाद मला त्यांच्यात सापडला नाही.

बैठकीला दोन आठवडे होते. मालकांनी आम्हाला 'बघा काय करता येतं' म्हटलं. बसमध्ये आमचे वरिष्ठ वहीत काहीतरी खरडत होते. येरवड्याच्या तुरुंगाची भिंत संपली. मग एकदम म्हणाले, 'मॅडम, एसी आपल्याकडे येत नसेल तर कागद एसीकडे नेऊ.'

'संगणकाच्या खोलीत?'

'चपला काढून.'

दुसऱ्या दिवशी आम्ही विभागप्रमुखाकडे गेलो. तो आधी घाबरला. 'सर, पेपर डस्ट म्हणजे कॉम्प्युटरची सगळ्यात मोठी एनिमी.' आमचे वरिष्ठ त्याला म्हणाले, 'बेटा, तुझा संगणक रोज कागदच ओकते ना? मग आमचा दोन दिवस पाहू दे त्याले.' मुलगा हसला. शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर टांगा, रविवारी एसी मी चालू ठेवीन, असं त्याने कबूल केलं. त्याने ते पाळलं. या सगळ्या प्रकरणात दिलेला शब्द पाळणारा तो एकटाच, हे नोंदवायला हवं.

संगणकावर प्लास्टिकचं आवरण घातलेलं, आणि त्याच्या डोक्यावरून दोऱ्या बांधून आम्ही चिमट्यांनी कागद टांगले. एका दोरीवर साधे, एका दोरीवर लेपाचे. अनवाणी, खुर्चीवर चढून. आमचे वरिष्ठ प्रत्येक चिमटा लावताना कागदाचा कोपरा हलकेच चिमटीत धरून कानाशी वाजवत होते. 'ऐका,' ते म्हणाले. लेपाचा कागद खणखणीत वाजत होता. मला फरक कळला का, हे आज प्रामाणिकपणे सांगता येत नाही. मान मात्र मी डोलावली.

सोमवारी सकाळी ताणले. साध्या कागदाचे आकडे एसी जाण्याआधीच्या जुन्या आकड्यांशी जवळजवळ जुळले. म्हणजे खोली बरोबर होती, यंत्र बरोबर होतं, आम्ही बरोबर होतो. आणि लेपाचा कागद साध्याच्या इतका वर गेला की त्यांनी पट्ट्या बदलून, यंत्राचा शून्य पुन्हा पाहून, मला ताणायला लावलं. माझ्या हातूनही तेच. त्या दिवशी त्यांनी डब्यातली ठेच्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. एरवी ती ते कुणाला देत नसत.

दुपारी मालकांसमोर बसलो. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मार्च, जुलै, पुठ्ठा, दोरी, सगळं. ते मूर्ख नव्हते. मूर्ख माणसावर चिडता येतं, तेवढी तरी सोय असते.

'तुमचं बरोबर आहे,' ते म्हणाले.

आमचे वरिष्ठ खुर्चीत पुढे सरकले.

'पण तो आलेख बँकेत गेलाय.'

'कोणता?'

'तोच. निळी-लालवाला. परदेशी सहकार्यासाठी कर्ज घेतोय आपण. आपण आपल्या परीने प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून बाहेरचं तंत्र आणावं लागतंय, असं अर्जात लिहिलंय. त्याला तो आलेख जोडलाय. आता आठवडाभरात मी त्यांना सांगू, की जमलं? चिंचोक्याने?'

'जमलं तर आहे, साहेब.'

'चिंचोक्यावर कर्ज कोण देईल, सांगा मला.'

'कर्ज लागणारच नाही ना मग.'

यावर मालकांनी समोरची फाईल मिटली. मला वाटतं, त्या सगळ्या वर्षांत त्या केबिनमध्ये बोललं गेलेलं ते सगळ्यात व्यवहारी वाक्य होतं आणि म्हणूनच त्याला तिथे जागा नव्हती. कर्ज लागणार नाही, तर मग वाढ कसली? वाढ नाही, तर एकविसावं शतक कसलं? शेवटी ते म्हणाले, 'बैठकीत मी तुमच्या कामाचा उल्लेख करीन.' केला असावा. इतिवृत्तात आमच्या आडनावांचं स्पेलिंग चुकलं होतं, एवढं कळलं.

पुढच्या हिवाळ्यात थंड देशातून दोन तज्ज्ञ आले. हार, फेटे, सनई. फेट्याचा शेमला कुठे ठेवावा हे न कळून एकाने तो खांद्यावरून पुढे घेऊन कोटाच्या खिशात खोचला. कारखाना हिंडून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो मी शेजारी उभी राहून ऐकला. कागद ठेवायची तुमची थंड खोली कुठे आहे? ती नसेल तर आम्ही एकही आकडा देणार नाही, कारण त्याला अर्थ नसतो.

आठवड्याच्या आत दोन नवे एसी आले. भिंतींना फरशा, ओलावा दाखवणारं जर्मन घड्याळ, दाराला रबराची कड. मालकांनी फीत कापली. 'जागतिक दर्जाची खोली' असं भाषणात म्हणाले. आमचे वरिष्ठ टाळ्या वाजवत होते. उपरोधाने नाही. त्यांना खोली खरंच आवडली होती.

मग मशीनचा दिवस आला. तज्ज्ञांना मशीन एक दिवस नाही, तीन दिवस मिळालं. निळ्या पिंपांतून आलेलं त्यांचं औषध लगद्यात सोडलं. तंतूच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करून कागदाची ताकद वाढवण्याचं तंत्र, असं माहितीपत्रकात होतं. आमच्या वरिष्ठांनी पिंपाच्या झाकणाला लागलेली पावडर बोटावर घेतली, चोळली, हुंगली, जिभेला लावली.

'गवार,' ते मला म्हणाले. 'गवारीच्या बियांचा डिंक आहे. थोडं काहीतरी जोडलंय त्याले. आपल्याकडूनच गेलं असेल तिकडे, मॅडम. राजस्थानातून.' त्यांच्या आवाजात राग नव्हता. नातेवाईक भेटल्यासारखा होता.

मशीनवरून कागद निघाला. नव्या खोलीत टांगला. मी ताणला. आकडा आमच्या त्या सोमवारच्या आकड्याच्या आसपास. किंचित खाली, पण मोठ्या मशीनवर तेवढं घसरतंच, असं म्हणता येईल. आमचा कागद मशीनवर किती घसरला असता, हे सांगता येणार नाही. ते कधीच कुणाला सांगता येणार नाही.

संध्याकाळी चाचणी यशस्वी झाल्याच्या प्रमाणपत्रावर सह्या झाल्या. तज्ज्ञांच्या, मालकांच्या, आणि खाली 'स्थानिक तांत्रिक अधिकारी' म्हणून आमच्या वरिष्ठांची जागा. त्यावर लिहिलं होतं की या तंत्राने कागदाची ताकद समाधानकारक वाढली आहे आणि यापूर्वी कारखान्यात हे साध्य झालं नव्हतं. मला खात्री होती, ते पेन खाली ठेवतील. इतकी खात्री होती की मी दाराकडे सरकले, ते उठले की त्यांच्याबरोबर बाहेर पडता यावं म्हणून.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग पूर्ण नावाची, वळणदार सही केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, 'सही काहून केली?' 'का' ऐवजी त्यांच्या तिकडचा 'काहून' मी त्यांना परत दिला होता. त्यांच्या लक्षात आलं नाही.

'कागद चांगला झाला, मॅडम. वाईट झाला असं कसं लिहू?'

'आणि यापूर्वी साध्य झालं नव्हतं, हे?'

'ते कारखान्यात म्हणतात. कारखान्यात म्हणजे मशीनवर. आपला मशीनवर गेलाच नाही ना. जो कागद निघालाच नाही, त्याच्याबद्दल मी काय लिहून देऊ?'

त्यांनी ते अगदी सरळपणे म्हटलं. ज्या खरेपणाने त्यांनी मार्चचे आकडे मार्चचेच म्हणून दिले होते, त्याच खरेपणाने ते बोलत होते. मालकांच्या खोटेपणाला तो फार सोयीचा पडला. तो त्यांना एकदाही वाकवावा लागला नाही.

बस लागली होती. ते आपल्या नेहमीच्या जागेवर, खिडकीशी बसले आणि शेजारची जागा त्यांनी पिशवी ठेवून माझ्यासाठी धरली. मी पुढे ड्रायव्हरमागे जाऊन बसले. तुरुंगाची भिंत आली, संपली. विश्रांतवाडीला उतरताना त्यांनी 'येतो, मॅडम' म्हटलं. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.